सोळा हाका, एक बटण

दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. वारा आला की सगळ्या जोड्या एकदम हलतात.

*

खंडेनवमीला सरकारी कचेऱ्या उघड्या असतात.

*

कॉम्प्युटर झोपला तरी त्याच्या पाठीमागे, नेटची वायर घुसते तिथे, एक हिरवा दिवा जागा असतो. बटण बंद केलेल्या कॉम्प्युटरला तो नसतो.

*

गोदूबाईंना टीं टीं आवाज खपत नाही.

*

नकाशात ज्या जागेवर काही नाही ती पांढरी सोडतात. पांढरं सोडायला मेहनत लागत नाही.

*

खिडकीजवळच्या दोन सीटा, डावीकडच्या.

*

मीठ ओढायचं लाकडी फावडं.

*

या सगळ्याचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, असं सुनावणीच्या साहेबांचं मत. साहेबांची मतं पुष्कळ होती, आणि ती ऐकायला करंज्याच्या बायका सकाळपासून पनवेलच्या त्या कचेरीत येऊन बसल्या होत्या. दालनात दोघींनाच सोडलं: कीर्ती आणि तिची वेणूआत्या. बाकीच्या बाहेर बाकावर. बाकावर मावल्या नाहीत त्या जिन्यावर.

कीर्ती नकाशे काढायची. बाप, काका, भाऊ समुद्रावर जाणारे आणि ही पोरगी रेघा ओढणारी. खांदा कॉलनीत आनंदाशेठचं मोजणीचं ऑफिस होतं. तिथली माणसं उन्हातान्हात जमिनी मोजून आकडे आणायची आणि कीर्ती त्या आकड्यांचा नकाशा करायची. आठवड्यातले बरेचसे दिवस ती करंज्यातूनच काम करायची. मोठं मशीन मात्र खांदा कॉलनीत, कारण नकाशाचं महागडं सॉफ्टवेअर त्याच एका मशीनवर होतं. रात्री ते झोपायचं. सकाळी चुलीवर चहा ठेवला की कीर्ती फोनवरून त्याला उठवायची आणि चहा उकळेपर्यंत ते खाडीपल्याड जागं होऊन बसलेलं असायचं.

कसं उठवते, हे तिने शेठना एकदा समजावलं होतं.

"शेठ, मशीन झोपलं तरी एक कान उघडा ठेवतं. प्रत्येक मशीनला जन्मापासूनचा एक नंबर असतो. त्या नंबराने हाक मारायची. एकदा नाही, एका दमात सोळा वेळा. मग त्याला खात्री पटते की आपल्यालाच बोलावतायत."

"सोळा वेळा? आमचा प्रितेश वीस हाकांना उठत नाही."

"नंबराने मारत नसाल."

शेठ खूप हसले होते आणि राउटर बसवायची परवानगी दिली होती. राउटर मात्र वरच्या मजल्यावर, शेठच्या घरात. म्हणजे ऑफिसही चालेल आणि आईची मालिकाही.

आता आज.

करंजा बंदराकडे जाणारा रस्ता रुंद व्हायचा होता आणि रस्त्याच्या टोकाला वाहनतळ. वाहनतळ कुठे, तर बायका मासळी सुकवतात त्या जागेवर. आराखड्यात त्या चौकोनावर एकच शब्द छापला होता: रिकामी. हरकती ऐकायचा आज शेवटचा दिवस. आज हरकतीबरोबर नकाशा दाखल झाला तर जागेचा वापर नोंदीत येणार, आणि वापर नोंदीत आलेल्या जागेवर डांबर ओतण्याआधी कुणालातरी विचार करावा लागणार. नाही झाला तर रिकामी ती रिकामी. मग वेणूआत्याने आणि बाहेरच्या जिन्याने मासळी कुठे घालायची? गाड्यांच्या टपावर?

कीर्तीने नकाशा काढला होता. बांबूची एकेक रांग, एकेक दोरी, कुणाची कुठून कुठपर्यंत ते. शेठच्या परवानगीने, ऑफिसच्या मशीनवर, ऑफिसचं काम संपल्यावर. मोठ्या कागदावर छापून, गुंडाळी करून, पावसाळी पिशवीत घालून ती घेऊन आली होती.

साहेबांनी गुंडाळी उघडली. दोन्ही कडांवर पेपरवेट ठेवले. पाहिलं. पेपरवेट काढले. कागद आपोआप गुंडाळला गेला.

"हा कागद आहे," साहेब म्हणाले.

"नकाशा आहे, साहेब."

"कागदावरचा नकाशा म्हणजे कागदच. कागदावर कोणी काहीही काढतं. मला सॉफ्ट कॉपी लागेल, अक्षांश-रेखांशासकट. आमच्या आराखड्यावर ठेवून बघता आली पाहिजे."

"नोटिशीत असं काही नव्हतं."

"नोटिशीत सगळंच लिहीत बसलो तर नोटीस संपायची कुठे? पेनड्राइव्ह आणलाय?"

"नाही."

कीर्तीचे कान तापले. वेणूआत्याने तिच्याकडे पाहिलं, मग जणू काही पाहिलंच नाही अशी खिडकीबाहेर पाहू लागली.

साहेबांच्या मागे भिंतीला लागून टेबल होतं आणि टेबलावर त्यांचा कॉम्प्युटर. त्याला झेंडूची माळ होती, पडद्यावर वरच्या कडेला हळदीकुंकवाची दोन बोटं, पुढे आपट्याची पानं आणि अर्धा नारळ. प्रिंटरलाही एक फूल. पंचिंग मशीनलासुद्धा. खंडेनवमी. हत्यारांची पूजा. कोळ्याचा कोयता, सुताराची करवत, साहेबांचं पंचिंग मशीन.

"साहेब," वेणूआत्या म्हणाली. तिची साठी उलटली होती आणि आवाज वाऱ्यावर बोलून बोलून मोठा झालेला. "तुमची मानसं मोजायला आली ती आषाढात. तवा मासेमारीला बंदी. होड्या वर वढलेल्या. सुकवायला होता काय, पाऊस? जागा झोपली व्हती. झोपलेल्याला मेला म्हनून लिवलात तुमी."

"आजी, तुमच्या भावना मी समजू शकतो."

"भावना नाय, साहेब. बोंबील."

दाराशी बसलेल्या दिपिका मॅडम, साहेबांच्या कारकून, खोकल्याचं निमित्त करून हसल्या. साहेब हसले नाहीत.

"ज्याची हरकत तो दालनातून उठला की हरकत निकाली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी आहे. त्यानंतर मी उठतो, आणि उद्या दसरा. सॉफ्ट कॉपी आली तर आली."

खांदा कॉलनी तिथून रिक्षाने हाकेच्या अंतरावर. पण उठायचं नाही. साहेबांनी नियम असा केला होता की बसल्या जागी बूड हलवायचं नाही आणि जे बसल्या जागी मिळत नाही ते हजर करायचं. असा नियम करायला डोकं लागतं, आणि ते डोकं दुसऱ्या कुठल्या कामाला लावलं असतं तर करंज्याला एव्हाना पक्का धक्का झाला असता.

"इथूनच मागवते," कीर्ती म्हणाली. "माझं मशीन ऑफिसात झोपलंय. उठवते त्याला."

"उठवा, उठवा," साहेब म्हणाले.

*

हाक.

फोनवर अक्षरं आली: पाठवली.

थोडं थांबून मशीनला जोडून घ्यायचा प्रयत्न. फिरतंय. फिरतंय. उत्तर नाही.

हाक. पाठवली.

फिरतंय.

हाक. पाठव

*

पाठवली म्हणजे पोचली नव्हे. हे कीर्तीला कुणी शिकवायला नको होतं. होडीवरच्या माणसाला किनाऱ्यावरून हाका मारणाऱ्या बायकांच्या घरात ती वाढली होती. पण गेली दोन वर्षं हे मशीन पहिल्या हाकेला उठत होतं. धो धो पावसात उठलं होतं. शेठच्या पुतणीच्या हळदीला खाली डीजे लावला होता तेव्हासुद्धा उठलं होतं.

राउटर जागा होता, ते फोनवर दिसत होतं. म्हणजे हाक घरापर्यंत जात होती. घरात शिरत होती. जिना उतरून ऑफिसात येत होती आणि तिथे ऐकायला कोणी नव्हतं. झोपलेलं मशीन असं वागत नाही. झोपलेल्याचा कान उघडा असतो. असं वागतं ते फक्त

बटण.

आपल्याकडे भिंतीवरच्या प्रत्येक बोर्डाला बटण असतं, आणि प्रत्येक घरात ते बटण बंद करणारं एक माणूस असतं. टीव्ही पडद्यावर बंद केलेला चालत नाही त्याला, भिंतीतूनही बंद करावा लागतो. गावाला जाताना रिक्षा थांबवून परत वर चढतं ते, बटणं बघायला. तुम्ही कितीही समजावा की झोपलेल्या मशीनला घोटभर वीज लागते, कान उघडा ठेवण्यापुरती. ते हो हो म्हणतं, आणि जाता जाता टक्. तो आवाज कीर्तीला तिथे बसल्या बसल्या ऐकू आला.

तिने शेठना फोन लावला. मागे ताशा वाजत होता.

"शेठ, मशीन बंद आहे."

"बंद कसं असेल? मी ओव्याला आलोय, बहिणीकडे. काल निघताना स्वतः चिठ्ठी चिकटवलीय बोर्डावर, 'बंद करू नये'. लाल पेनाने. तुझी सुनावणी आहे म्हणून, मुद्दाम."

"मग कुणी केलं?"

ताशा थांबला.

"आज खंडेनवमी ना," ते म्हणाले, आणि एवढा मोठा माणूस, पण आवाज एकदम शाळेतल्या पोराचा झाला. "आईने पूजा केली असेल."

"मग त्यांना सांगा ना, एक बटण दाबायचंय फक्त."

"मी? कीर्ती, अगं, तू काय परकी आहेस? तुला माहितीये. आईने बसवलेलं हत्यार मी उठवलं तर वर्षभर ऐकवेल. मागे एकदा नवमीला ट्रॅक्टर काढला होता, तर अजून ट्रॅक्टरचा विषय निघतो. तूच बोल. तुझं ऐकेल ती."

"शेठ, तुम्ही मला शब्द दिला होता."

"चिठ्ठी लावली ना मी."

कीर्तीने फोन बंद केला. तिला साहेबांचा राग येत होता, तो येणारच होता, साहेब त्यासाठीच नेमलेले असतात. पण हा राग निराळा होता. घरावर चार मजले चढवलेला, गळ्यात साखळी, तहसीलच्या आवारात ज्याच्याशी चार वकील उठून बोलतात, त्या माणसाची आईला फोन करायची छाती होत नाही. आणि त्याच्या त्या छातीपायी करंज्याच्या बायकांनी आपली जागा सोडायची. चिठ्ठी लावली म्हणे. लाल पेनाने.

"काय झाला गो?" वेणूआत्याने हळूच विचारलं.

"मशीन पूजेत बसलंय."

वेणूआत्याने पदर नीट केला फक्त. पूजेत बसलेल्या हत्याराचं वजन तिला ठाऊक होतं. ते उठवायचं ते दसऱ्याला.

*

शेठच्या आईने, गोदूबाईंनी, फोन उचलला तेव्हा मालिका चालू होती.

"आई, मी कीर्ती. ऑफिसातली."

"हां, बोल बाय. पूजा झाली तुमची?"

"झाली. आई, खालच्या मशीनचं बटण बंद केलंत का तुम्ही?"

"मंग? फुलं व्हायली, नारळ फोडला, बटन बंद केला. तो बाजूचा डबा टीं टीं करत बसला. त्याचा पन गळा दाबला."

डबा म्हणजे वीज गेल्यावर मशीनला धरून ठेवणारी बॅटरी. तिने बिचारीने शेवटपर्यंत ओरडून सांगितलं होतं.

"तिथे चिठ्ठी होती ना आई, बंद करू नये अशी."

"वाचली मी. मना वाचता येते, बाय. पन पूजेला बसल्यावर कागदाचा हुकूम चालत नाय."

"आई, माझी सुनावणी आहे आज. त्या मशीनमधे आमच्या जागेचा नकाशा आहे. ते बटण चालू केलंत की पुढचं मी इथून करते. तुम्हाला हातसुद्धा लावायला नको मशीनला."

"आज नाय. उद्या सोना लुटला का मंग तुझाच हाय. बारा महिने राबतो तो, येक दिस त्याला पडू दे."

"त्याला पडू द्या हो, पण राउटर कसा चालू ठेवलात? तोही मशीनच आहे."

"त्या काय हत्यार हाय? त्या करमनूक हाय."

कीर्तीच्या तोंडाशी जे आलं ते तिने गिळलं. साहेब घड्याळाकडे बघत होते. घड्याळाला फूल नव्हतं.

"आई, ऐका. उद्या उपयोग नाही. आज साहेब उठले की आमची जागा गेली. रिकामी म्हणून लिहितील. तुमच्या एका टक्‌पायी जाईल."

"माझ्या पायी?" मालिकेचा आवाज बंद झाला. "माझ्या नावानं कशाला बोटं मोडते? तुमच्या जागेला मी काय केला? आजच्या दिसाला आसा बोलतात? ठेव फोन."

"आन इकडं," वेणूआत्या म्हणाली.

तिने फोन घेतला, कानाला न लावता तोंडासमोर धरला, ताटलीसारखा. त्यामुळे पुढचं सगळं दालनाने ऐकलं.

"गोदूबाय का? मी करंज्याची वेनू. हिची आते. माझी आय तुमच्या आगरावर यायची, मीठ न्यायला. सुकटीला तुमचाच मीठ घालायचो आमी."

"काळ्या टोपलीची? जोरानं हसायची ती?"

"तीच."

"तिला माप घालताना हात राखायला लागायचा. लय भांडकुदळ बाई."

"मी तिचीच हाय."

"मंग तुझ्या भाचीला सांग, सनासुदीला—"

"सांगते. मना आदी सांग, पूजेला काय काय बसवलास?"

"आता काय ऱ्हायलाय. विळी, पोराची गाडी, खालचा त्यो कंपूटर. आन आमच्या ह्यांचा फावडा."

"मीठ वढायचा?"

"तोच."

"आगर हाय अजून?"

"आगर कुठला. कवाच गेला. आता त्याच्यावर टॉवर हायत."

"मंग उद्या सोना लुटल्यावर फावडा उठवून काय करशील?"

वेणूआत्याने फोन तोंडाजवळ आणखी ओढला.

"गोदूबाय, तुझा फावडा बारा महिने बसलेलाच हाय. दर साल फुलं वाहतेस, दर साल परत माळ्यावर. आमचे बांबू पन तसेच बसवायचे का? सांग. बसवू का? उद्यापासून कोपऱ्यात उभे करते आन दर नवमीला झेंडू घालते."

दिपिका मॅडमनी टाइप करायचं थांबवलं होतं. खरं तर त्या टाइप करत नव्हत्याच, त्यांच्याही कीबोर्डवर फुलं होती; बोटं नुसती वर धरली होती.

फोनमधून चपलांचा आवाज आला. जिना. कडी. शटर नव्हे, आतल्या बाजूचा दरवाजा. मग गोदूबाईंचा आवाज, लांबून, पोकळ, बंद खोलीतला.

"कनचा बटन?"

कीर्तीने फोन ओढून घेतला. "चिठ्ठीखालचं. ते आधी. मग त्या डब्याचं, पुढचं गोल."

टक्.

टीं.

"अगो ह्या परत वरडायला लागला."

"ओरडू दे आई. एकदाच ओरडेल. मशीनच्या पाठीमागे बघा, वायर आत जाते तिथे. हिरवा दिवा लागला?"

"माझी कंबर नाय वाकत गो." कण्हण्याचा आवाज, खुर्ची सरकल्याचा आवाज. "लागला. बारका हाय. काजव्यासारका."

"आता तुम्ही मागे व्हा. हात लावू नका."

"मी कशाला हात लावते. मी नाय उठवला त्याला, ह्या लक्षात ठेव. मी दिवा लावलाय फकस्त."

हाक.

पाठवली.

कीर्तीने श्वास धरला होता असं म्हणायची पद्धत आहे. तिने धरला नव्हता, ती जोरजोरात घेत होती, पळून आल्यासारखी. फोनमधून एक घरघर ऐकू आली. मग गोदूबाई.

"उठला की. नंदी हलल्यासारका हलला. फूल पडला वरचा." आणि मग, कुणाला तरी, बहुतेक मशीनला: "निज मोडली तुझी, जाऊ दे. बायांचा काम हाय."

*

एवढ्याशा फोनच्या पडद्यावर खांदा कॉलनीचा मोठा पडदा मावत नाही. एका बोटाने ढकलत ढकलत कीर्तीने नकाशा शोधला, मेलला जोडला, साहेबांच्या कचेरीच्या पत्त्यावर पाठवला. बोट घामाने घसरत होतं. दोनदा चुकीच्या जागी लागलं. तिसऱ्यांदा गेलं.

"पाठवला, साहेब. बघून पोच द्या."

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. कॉम्प्युटरकडे वळून पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक शांत, धार्मिक भाव आला.

"आज कसं बघणार? पूजेला बसलंय ना. सकाळीच गुरुजी येऊन गेले. उद्यापर्यंत हात लावायचा नाही. तुम्हालाही माहीतच असेल, तुमच्यातही असते पूजा."

साहेबांनी कागदाची गुंडाळी कीर्तीकडे सरकवली.

"मेल आली असेल तर राहील तिथे. परवा बघू. पण पोच आजच्या तारखेची देता येणार नाही, कारण आज मी बघितलेली नाही. तुम्हीच विचार करा."

कीर्तीने विचार केला. सॉफ्ट कॉपीच पाहिजे म्हणाले, कागद चालणार नाही म्हणाले. आणि सॉफ्ट कॉपी उघडायचं मशीन सकाळपासून त्यांच्याच पाठीमागे झेंडू घालून बसलं होतं, हे त्यांना तेव्हाही माहीत होतं. म्हणजे मागताना माहीत होतं. बूड हलवू नका म्हणताना माहीत होतं. एका म्हाताऱ्या बाईला तिच्या नवऱ्याच्या फावड्यावरून बोलायला लागलं, ते ऐकताना माहीत होतं. गोदूबाईंनी पूजा मोडली ती जड मनाने, कंबर वाकत नसताना. हे गृहस्थ पूजेच्या मागे लपले होते, जसं पोर मडक्यामागे लपतं.

आणि मग तिला तो दिवा दिसला.

टेबल भिंतीपासून जरा पुढे होतं. कॉम्प्युटरची पाठ भिंतीकडे, आणि भिंतीच्या चुन्यावर, माळेच्या सावलीखाली, एक हिरवा ठिपका पडला होता. जागा. इकडे बोर्डावर बटण चालू. गुरुजी येऊन गेले असतील. पण कुणीतरी गुरुजींच्या नंतर इथे बसलं होतं आणि ते माणूस उठून मशीन आपोआप झोपी जाण्याइतकाच वेळ झाला होता.

कीर्ती उठली.

"बसा," साहेब म्हणाले. "उठलात तर हरकत—"

"दालनातून नाही उठले. दालनातच आहे."

ती टेबलाला वळसा घालून गेली. माळ दोन्ही हातांनी उचलली, डोळ्यांना लावली, नारळाशेजारी ठेवली. ते तिने घाईत केलं नाही. माळ ठेवल्यावर पदर, म्हणजे ओढणी, सावरली. मग माऊसला बोटाने जरा ढकललं. सोळा हाका लागल्या नाहीत.

पडदा उजळला. बसचं आरक्षण. पनवेलहून सुटणारी, आज दुपारची. खिडकीजवळच्या दोन सीटा निवडलेल्या, डावीकडच्या, हिरव्या रंगात. खाली लिहिलं होतं की वेळ संपली आहे, पुन्हा सुरुवात करा.

दालनात पंखा फिरत होता.

"देवाचं होतं ते," साहेब म्हणाले. "देवदर्शनाला जायचंय घरच्यांना."

"जावा की," वेणूआत्या म्हणाली. "डावीकडं बसा. ऊन लागत नाय तिकडनं. पन आदी आमचा बघा."

दिपिका मॅडम उठून आल्या. साहेबांनी सांगितलं नव्हतं, नको असंही म्हटलं नाही. त्यांनी कीबोर्डवरची पाकळी फुंकली, मेल उघडली, नकाशा उघडला आणि आराखड्यावर ठेवला. पांढऱ्या चौकोनात रेघा उमटल्या. एक रांग, दुसरी, तिसरी, चौकोन भरेपर्यंत. प्रत्येक रांगेला नाव. रेघांच्या गर्दीत वाचता येईना म्हणून मॅडमनी मोठं केलं तर वेणूआत्याचं नाव पडद्याच्या मध्यावर आलं.

"ही मी?" वेणूआत्याने विचारलं.

"ही तू."

"बारीक दिसते."

पोच प्रिंटरमधून आली तेव्हा प्रिंटरवरचं फूल कागदाबरोबर खाली आलं. साहेबांनी सही केली. निकाल लागायला अजून महिने जाणार होते, आणि साहेब तो कसा लावतील हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. पण आजची तारीख होती, शिक्का होता, आणि शिक्क्यालाही कुंकू लागलेलं असल्यामुळे तो थोडा लाल उठला.

बाहेर जिन्यावरच्या बायका उभ्या राहिल्या. कीर्तीने कागद वर धरून दाखवला. कुणीतरी विचारलं, एवढा वेळ कशाला लागला गो? कीर्ती तोंड उघडून सांगू लागली, साहेब, शेठ, बटण, पूजा, काय माणसं आहेत ही, एका दिवसाची हत्यारं आणि बारा महिन्यांचं आपलं पोट—आणि वेणूआत्याने तिचा दंड धरून तिला जिन्याकडे वळवलं.

"चल, बाय. घरी आदी."

नकाशाची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतलेली होती. त्या सकाळी करंज्याला, निघायच्या आधी, कीर्तीने स्वतःच्या हाताने त्याला हळदकुंकू लावून कोयत्याशेजारी पूजेत ठेवलं होतं.